गळालेलं तिसरं नाव

भाद्रपद वद्य तृतीयेच्या सकाळी दिनकरराव लघाट्यांच्या मोबाइलवर दरवर्षीसारखा मेसेज आला. सर्वपित्री अमावास्येला महालय, सामग्रीची यादी, गुरुजींच्या घरी जमण्याची वेळ आणि खाली तीन नावं. दिनकररावांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सीमू, इकडे ये जरा. दादा आलाय."

सीमंतिनी पोळपाट तसाच टाकून बाहेर आली. दादा म्हणजे तिचे वडील, शरच्चंद्र. त्यांना जाऊन सोळा महिने झाले होते; वर्ष पुरं व्हायचं होतं म्हणून गेल्या वर्षी घरात महालय नव्हता.

मेसेजमध्ये वर यजमानाचं नाव बरोबर होतं, दिनकर वामन लघाटे. खाली लिहिलं होतं : पिता शरच्चंद्र, पितामह वामन, प्रपितामह हरी.

"वडिलांच्या जागी तुझे बाबा," काका म्हणाले. त्यांचा आवाज घाबरलेला नव्हता. ते काहीतरी जपून धरल्यासारखे बोलत होते. "वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा. दादा अकराचा. दहाव्या दिवशी घाटावरून आल्यावर तो मला म्हणाला होता, आजपासून मी. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही गं. तुझ्या काकूजवळसुद्धा नाही. मग मशीनला कुणी सांगितलं?"

सीमंतिनीने मेसेज पुन्हा पाहिला. तिला वेगळीच गोष्ट दिसली होती. दिनकरकाकांचे वडील वामन, आजोबा हरी, म्हणजे तिसरं नाव पणजोबांचं हवं. ते नव्हतंच. सगळी ओळ एक घर खाली सरकली होती आणि शेवटचा माणूस बाहेर पडला होता.

"काका, तुमच्या पणजोबांचं नाव काय?"

दिनकररावांनी बोटांवर मोजलं, वामन, हरी, आणि तिसऱ्या बोटावर थांबले. साठ वर्षं ते नाव त्यांनी दरवर्षी घेतलं होतं. आधी गुरुजी सांगत, नंतर पोस्टकार्डावर येई, आता मोबाइलवर. "दादाला पाठ होतं," ते अखेर म्हणाले.

सीमंतिनी लघाटे अठ्ठावन्न वर्षांची आहे. एका खासगी कॉलेजात तीस वर्षं कॉम्प्युटर शिकवून ती गेल्या वर्षी निवृत्त झाली. लग्न केलं नाही. ग्वाल्हेरला शिंदे की छावनीतल्या ज्या घरात तिचे वडील आणि काका आयुष्यभर एकत्र राहिले, तिथेच ती काकांसोबत राहते. निवृत्तीनंतर तिच्याकडे एकच काम उरलं, बिनपगारी, आणि ते तिला भावाकडून आलेलं होतं.

ग्वाल्हेरच्या दक्षिणी घरांची, म्हणजे आपल्या मराठी घरांची, एक तिथीवही आहे. कोणत्या घरात कोण कधी गेलं आणि कुणी कुणाच्या नावे पिंड द्यायचे, याची नोंद. ती गोरखीतल्या भालचंद्रगुरुजींच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. अठ्ठ्याण्णव साली सीमंतिनीच्या धाकट्या भावाने, गुरुप्रसादने, म्हणजे घरच्यांच्या गुरूने, ती कॉम्प्युटरवर घेतली. अकराशे चाळीस घरं. गुरुजींच्या वडिलांनी मग कागदी वह्या लाल फडक्यात बांधून चंबळेत सोडल्या. गेलेल्यांची नावं रद्दीत कशी घालायची, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या काळी तो कुणालाच चुकीचा वाटला नाही.

गुरुप्रसाद दोन हजार नऊ साली झाशी रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. चाळीस वर्षांचा, अविवाहित. त्याचा प्रोग्राम चालत राहिला. घरात कुणी गेलं की तो नोंद विचारायचा, मृताची ओळ मुलासाठी नकलून घ्यायचा, ती एक घर सरकवायचा : बाप पहिल्या जागी, आजोबा दुसऱ्या, पणजोबा तिसऱ्या, आणि आधी जो तिसरा होता तो बाहेर. शास्त्रात पिंडाचे अधिकारी तिघेच.

दुपारी सीमंतिनी गोरखीत पोचली तेव्हा भालचंद्रगुरुजी ओसरीवर पंख्याखाली बसून दर्भाच्या जुड्या बांधत होते. पंधरवड्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांची सून हर्षिता आत मोबाइलवर मेसेज पाठवत होती. मजकूर प्रोग्राम तयार करतो, पाठवायचं काम हर्षिताचं.

"ताई, मी तर आधीच म्हणणार होते," हर्षिता बाहेर येत म्हणाली. "तुमच्या प्रोग्राममध्ये पक्का भूत है. छत्रीबाजारवाल्या मावशींनापण असंच गेलं. दिराचं नाव सासऱ्याच्या जागी. त्या म्हणाल्या, गुरुजींनी केलंय तर बरोबरच असेल."

"कधी?"

"मागच्या वर्षी ना."

सीमंतिनी तिथेच कॉम्प्युटरसमोर बसली. यजमानाच्या वडिलांचं नाव आणि ओळीतलं पहिलं नाव जुळत नाही अशी घरं तिने शोधून काढली. एकतीस निघाली. गेल्या पितृपक्षात यांतल्या सहा घरांनी ती चुकीची नावं घेऊन श्राद्धही केलं होतं. तक्रार एकाही घराची नव्हती.

भालचंद्रगुरुजींनी यादी पाहिली. हातातली जुडी खाली ठेवली. "एकतीस घरांचे पणजोबा उपाशी," ते म्हणाले. "गुरू हुशार होता, सीमंतिनी. पण पोरसवदा होता. काहीतरी चुकलं त्याच्याकडून. अमावास्येला सगळे यजमान जमतील तेव्हा मी सांगून टाकतो. प्रोग्राम सदोष होता, पुन्हा वही घालू. आणि नाव ठाऊक नसलं तर त्याचीही शास्त्रात सोय आहे."

"नावं परत आणते," ती म्हणाली. "अमावास्येच्या आत. तोवर कुणाला काही सांगू नका."

"कुठून आणणार? वह्या तर नदीत."

जुना कॉम्प्युटर तिनेच मागच्या वर्षी मार्चमध्ये भंगारात दिला होता. नवा आणून, तिथीवही पेन ड्राइव्हवरून त्यात उतरवून, सगळं नीट चालतंय हे पाहून. पेन ड्राइव्हवर रोज संध्याकाळी नवी प्रत जुनीवर चढत होती. म्हणजे चूक रोज नेमाने जपून ठेवली जात होती.

आणि एकतीसच्या एकतीस घरांतला मृत्यू त्या मार्चनंतरचा होता.

पुढचे तीन दिवस सीमंतिनीने सकाळी नऊ ते दुपारच्या जेवणापर्यंत एकच गोष्ट शोधली. प्रोग्रामचे दोन भाग होते. मोठा भाग पर्ल नावाच्या भाषेत, माणसांशी बोलणारा, नोंदी वाचणारा, मेसेज लिहिणारा. छोटा भाग सी भाषेत, तिथींचं गणित करणारा आणि ओळ सरकवणारा. पर्लचा भाग तिला तोंडपाठ होता. सीची फाइल तिने सोळा वर्षांत एकदाही उघडली नव्हती. नव्या मशीनवर ती नुसती पुन्हा बांधून, म्हणजे कंपाइल करून, घ्यावी लागली, त्यासाठी आत पाहावं लागत नाही. त्या फाइलवर शेवटचा हात गुरूचा होता. तारीख त्याच्या अपघाताच्या आधीच्या आठवड्याची. ती उघडून चुकून एक टिंब जरी हललं तरी ती तारीख बदलेल, एवढंच कारण. ते कारण तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगताना ते वेडगळ वाटलं असतं.

म्हणून तिने बाहेरून शोधलं. पर्लमध्ये एक ओळ लिहिली. तिची नक्कल दुसऱ्या नावाने घेतली. नक्कल गुरूच्या सी भागाकडे दिली, सरकव म्हणून. मग दोन्ही छापल्या.

नक्कल सरकली होती. मूळ ओळही सरकली होती.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मुळाला कुणीही हात लावला नव्हता, लावण्याची आज्ञाही नव्हती, आणि तरी ते बदललेलं समोर होतं. पंचवीस वर्षांपूर्वीची पर्ल शोधून तिने आपल्या लॅपटॉपवर चढवली आणि तोच खेळ तिथे केला. तिथे मूळ जागचं हललं नाही.

चौथ्या दिवशी वीज गेली होती. काकांना वारा घालता घालता तिने ते समजावून सांगितलं, कारण काका रोज विचारत, दादा काय म्हणतो.

"पूर्वी पर्लला सांगितलं की नक्कल कर, तर ती खरोखर दुसरी प्रत करायची. नव्या पर्लने काटकसर सुरू केली. दोघांनाही सांगायचं, वाटणी झाली, तुमची घरं वेगळी. प्रत्यक्षात घर एकच. जोवर दोघं नुसते राहताहेत तोवर काय बिघडतं? ज्या दिवशी एकजण भिंत पाडायला निघेल त्या दिवशी कारभाऱ्याने, म्हणजे पर्लने, त्याला घाईघाईने दुसरं घर बांधून द्यायचं, आणि मग पाड म्हणायचं."

"हे तर आमचंच झालं," काका म्हणाले. "कागदावर आमची वाटणी एकाहत्तर सालीच झालीय. चूल एकच राहिली."

"हो. पण गुरूचा सी भाग हा बाहेरचा गवंडी आहे. त्याला पत्ता दिला, तो गेला आणि त्याने भिंत पाडली. कारभाऱ्याला विचारायचं असतं हे त्याला माहीतच नाही. त्याच्या काळात प्रत्येकाचं घर खरंच वेगळं होतं. सख्ख्या भावांची तिन्ही नावं सारखीच, म्हणून गुरूने एकाची ओळ सगळ्या भावांना नकलून दिली होती. बाबा गेले, मी नोंद केली. त्यांची ओळ मुलासाठी सरकली, आणि त्याच घरात तुमचीही होती."

पंखा काकांच्या हातात नव्हता तरी त्यांचं मनगट हलत होतं. बिर्लानगरच्या मिलमध्ये ते टाइमकीपर होते. कामगारांच्या नावापुढची वेळ चुकली तर ती कुणाची चूक, हे ठरवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"म्हणजे दादा आला नव्हता," ते म्हणाले.

"नाही, काका."

"बरं." मग जरा वेळाने, "चूक गुरूची की मशीनची?"

"गुरूने नक्कल केली होती. मुळाला धक्का लागू नये म्हणूनच केली होती. मशीन मी बदललं."

"मग भालचंद्राला तसं सांग. पोराच्या नावावर नको."

सांगायचं तर होतंच. पण नावं नव्हती. पाच घरांत फोन करून तिने विचारून पाहिलं होतं. दोन ठिकाणी म्हणाले, मेसेजमध्येच आहे की. एका घरात म्हातारीने नाव सांगितलं, आणि सुनेने मागून ओरडून सांगितलं की ते त्यांच्या माहेरचं आहे. सप्तमी उलटली. वस्तुस्थिती अशी होती की एकतीस माणसं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जगली, त्यांची नावं जगात एका ठिकाणी होती, आणि ते ठिकाण सीमंतिनीने पुसलं होतं.

अष्टमीला हर्षिताचा फोन आला. तिला वेगळंच काहीतरी विचारायचं होतं.

"ताई, ये गुरुप्रसाद शरच्चंद्र लघाटे कौन हैं? म्हणजे तुमच्या घरातलेच ना? त्यांना मी दर महिन्याला मेसेज पाठवते, मासिक श्राद्धाचा. आता महालयाचापण गेला. दोन निळ्या टिकल्या येतात. पण उत्तर कधीच नाही येत. दक्षिणेचं विचारायचं होतं."

सीमंतिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं.

गुरूचा मृत्यू तिथीवहीत नव्हता. वडिलांनी तो कधी सांगितलाच नाही. पंधरा वर्षं पितृपक्षात ते तीन पिंड देत आणि चौथं, मुलाचं, नाव घ्यायचं टाळत, आणि गुरुजीही डोळे मिटून पुढच्या मंत्राला लागत. वडील गेले तेव्हा नोंद सीमंतिनीने केली. प्रोग्रामने विचारलं : मुलगा? आणि स्वतःच पुढे नाव भरून दाखवलं : गुरुप्रसाद, हयात. नंबरही होता, त्याचा जुना. नाही म्हणण्यासाठी एक कळ दाबायची होती. तिने दुसरी दाबली.

तो नंबर कंपनीने कधीच दुसऱ्या कुणाला दिला असणार. कुणीतरी अनोळखी माणूस सोळा महिने दर महिन्याला वाचत होता की तुझे वडील शरच्चंद्र यांची तिथी जवळ आली आहे.

"तो माझा भाऊ," ती म्हणाली. "नंतर सांगते."

फोन ठेवून तिने सीची फाइल उघडली.

आधी वाटलं तसं काही झालं नाही. फाइल उघडून नुसती वाचली तर तारीख बदलत नाही, हे ती तीस वर्षं मुलांना शिकवत आली होती. तिथींचं गणित शंभरेक ओळींचं होतं, स्वच्छ. सरकवण्याचा भाग अगदी शेवटी, वीस ओळींचा. त्यातल्या पहिल्या चार ओळी सरकवण्याआधीच्या होत्या. तिसऱ्या जागेवरचं नाव उचलायचं, घराच्या क्रमांकासकट एका वेगळ्या फाइलीत शेवटी लिहायचं, आणि मगच पुढची नावं त्याच्या जागेवर आणायची. फाइलीचं नाव लेप. वर गुरूने रोमन अक्षरांत मराठी टीप लिहिली होती : तिसऱ्याच्या पुढच्यांना हातावरचं. टाकू नये.

सीमंतिनीला ते नाव ओळखीचं होतं. मशीन बदलताना जुन्या फोल्डरात तिने लेप नावाची फाइल पाहिली होती आणि कचरा समजून मागे ठेवली होती. भंगारात गेली ती. पण गवंड्याला आपलं काम ठाऊक होतं. नव्या मशीनवर ती फाइल सापडली नाही तेव्हा त्याने गुपचूप नवी उघडली होती.

अठ्ठ्याऐंशी ओळी होत्या. मार्चनंतर गेलेली अठ्ठ्याऐंशी माणसं, प्रत्येकामागे एक बाहेर पडलेला पणजोबा. बाकीचे रीतीप्रमाणेच बाहेर पडलेले; ज्यांच्या मागे भाऊ हयात होते त्या घरांतले एकतीस परत बोलवायचे होते. लघाट्यांचा क्रमांक तिला पाठ होता. त्यापुढे लिहिलं होतं, चिंतामण.

ती उठून ओटीवर गेली. काका पेपर वाचत होते. "चिंतामण," ती म्हणाली.

काकांनी पेपर खाली केला. ओठ हलवून ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं. "हो," ते म्हणाले. "चिंतामण. बरोबर. दादा हे म्हणताना ण वर जोर द्यायचा."

दुसऱ्या दिवशी भालचंद्रगुरुजींनी टीप वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "मला विचारलं होतं त्याने," ते म्हणाले. "इथेच बसून. जो चौथा होतो त्याचं काय करता, म्हणून. मी सांगितलं, पिंड देऊन झाले की हाताला जे भाताचं लागलेलं राहतं ते दर्भाला पुसतात. ते त्यांचं. लेप म्हणतात त्याला. मला वाटलं, पोरगं सहज विचारतंय."

"मशीन मी बदललं होतं," सीमंतिनी म्हणाली. "अमावास्येला सांगाल तर तेवढं सांगा. आणि वही घालायची तर घाला. दोन्ही असू दे."

"सांगतो की," गुरुजी म्हणाले, आणि जरा थांबून, "सगळं कशाला सांगायचं?"

"सगळं सांगा."

दुरुस्ती तिने पर्लमध्येच केली. नक्कल घेतल्यावर ती खरोखर वेगळी झाली आहे याची खात्री करून मगच सी भागाकडे देणारी एक ओळ. सीच्या फाइलीला हात लावावा लागला नाही. एकतीस घरं तिने एकेक करून सरळ केली, आणि हर्षिताने एकतीस मेसेज पुन्हा पाठवले. बावीस जणांनी नमस्काराचं चित्र पाठवलं. छत्रीबाजारच्या मावशींनी विचारलं की मागच्या वर्षीचं श्राद्ध पोचलं की नाही. गुरुजींनी उत्तर दिलं, पोचलं, पत्ता चुकला तरी टपाल पोचतं. सीमंतिनीला ते पटलं नाही.

चतुर्दशीला संध्याकाळी काका म्हणाले, "उद्या गुरूचं नाव घेऊ का? मी सपिंड आहे, मला अधिकार आहे. दादाने कधी घेऊ दिलं नाही. आता दादाही त्याच्याच बाजूला गेलाय."

"घ्या."

"मग वहीत लिही आधी. वहीत नाही तर भालचंद्र अडेल."

तिने मशीन चालू केलं. मृताचं नाव, गुरुप्रसाद. तिथी, तिला पाठ होती. प्रोग्रामने विचारलं : मुलगा? तिने जागा कोरी ठेवली. प्रोग्रामने विचारलं : नक्की? तिने हो म्हटलं. सरकवायला कुणी नव्हतं, म्हणून काहीच सरकलं नाही. लेपमध्येही नवी ओळ आली नाही. इतक्या वर्षांत तिला कधी सुचलं नव्हतं की गुरूने ही वाट लिहिताना स्वतःसारख्या माणसाचा विचार केलेला होता की नव्हता. पडद्यावर एवढंच आलं : नोंद झाली.

अमावास्येला दिनकररावांनी वामन, हरी, चिंतामण अशी तीन नावं न पाहता घेतली. मग दादाचं, आणि मग गुरूचं, ज्याला त्यांचा आवाज जरा लहान झाला. शेवटी त्यांनी हात दर्भाला पुसला, नीट, एकेक बोट. गुरुजींनी घाई केली नाही. जेवणाआधी यजमानांसमोर त्यांनी जे सांगायचं ठरलं होतं ते सगळं सांगितलं. लोकांनी ऐकलं. एकाने विचारलं की आता तरी बरोबर आहे ना. सीमंतिनी म्हणाली, आहे.

आश्विनात, महिना संपता संपता, हर्षिताने तिला एक मेसेज पुढे पाठवला. गुरूच्या जुन्या नंबरवरून आला होता. लावलेला फोटो नव्हता, नावाच्या जागी नुसतं टिंब.

"नमस्ते जी. गुरुप्रसाद जी के पिताजी वाला मैसेज इस महीने नहीं आया. सब ठीक है?"

खाली हर्षिताने विचारलं होतं, "ताई, इसको क्या लिखूँ?"

सीमंतिनी फोन हातात घेऊन ओटीवर उभी राहिली. आत काका रेडिओ लावत होते. तिने दोनदा काहीतरी लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, "लिही, ठीक है. और लिखो, आपका नाम क्या है."